गाढवीण आणि तेरड्याचा वाफा

मला गाढव पाळायची हौस कधीच नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण घणसोली गावात गेल्या वर्षभरात माझी ओळख ‘ते गाढववाले’ अशी झाली आहे आणि त्याचा मला मनापासून राग येतो. मी बत्तीस वर्षं इथल्याच एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढली. बंद पडलेला पंप, गळणारा व्हॉल्व्ह, कुरकुरणारं बेअरिंग, काहीही समोर आणा, संध्याकाळपर्यंत चालू करून देणार. साहेब लोकसुद्धा मला विचारून मशीनला हात लावायचे. असा माणूस रिटायर झाल्यावर एका लंगड्या गाढविणीपुढे हात टेकतो, ही काय सांगायची गोष्ट आहे? पण सांगतो.

आमचं घर गावठाणातलं. खाली आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि ऐंशी पार केलेली माझी आई. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. मागे एक चिंचोळं परडं आहे आणि परड्याच्या भिंतीपलीकडे उंच टॉवर. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला सांगतो की परड्यात अजून चार खोल्या सहज निघतील. मी ऐकून घेतो आणि जास्वंदीला पाणी घालतो.

गाढवीण आली ती अशी. गावातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की बांधकामाच्या विटा-रेती घेऊन टेम्पो आत येत नाही, गाढवंच लागतात. ती हाकणारा देशावरचा एक माणूस आमच्या मागच्या खोलीत राहायचा. दिवाळीनंतर तो सगळी जनावरं टेम्पोत घालून गावी निघाला, तेव्हा त्यातली एक गाढवीण पुढच्या पायाने लंगडत होती. हिला टेम्पोत उभं राहवणार नाही, आठ दिवसांत येऊन नेतो, असं सांगून तो गेला. आठ दिवसांचा महिना झाला. आईने त्या पायाला रोज हळद-तेल चोळलं, पाय सुधारला. मग एक दिवस त्याचा फोन आला की आता गावाकडेच राहणार, तुमच्या आजींना तिचा लळा लागलाय, तर राहू द्या तिला.

लळ्याचं त्याने बरोबर ओळखलं होतं. आई तोवर तिला ‘बाय’ म्हणायला लागली होती. आमच्याकडे लेकीला बाय म्हणतात. खारघरला दिलेल्या माझ्या बहिणीलाही आई बायच म्हणते. त्यामुळे ‘बायनं आज काय खाल्ला नाय’ असं आई म्हणाली की काळजी नक्की कोणाची करायची, ते मला विचारून घ्यावं लागतं.

आता तेरड्याचं. आमच्याकडे गौर तेरड्याची असते. मुखवटा, साडी, दागिने हे सगळं नंतर, आधी तेरड्याची रोपं, आणि तीही मुळांसकट उपटून आणलेली. गणपती बसले की दोन-तीन दिवसांनी घरची लेक ती हातात धरून आत आणते, घराच्या सगळ्या खोल्या दाखवते, मग गौर बसते. मी लहान असताना तेरडा शोधायला कुठे जावं लागत नसे. शेताच्या बांधावर गुडघाभर माजलेला असायचा. आता त्या बांधाच्या जागी टॉवरचं पार्किंग आहे. गेली काही वर्षं मी स्टेशनबाहेरच्या बाजारातून जुडी आणतो. मागच्या वर्षी आणली ती विळ्याने कापलेली निघाली. आईने जुडी हातात घेतली, उलटी करून बघितली आणि खाली ठेवली.

“मुळां नाय हिला,” ती म्हणाली. “आशी पोर घरान कशी घेवू?”

घेतली शेवटी. पण ते तीन दिवस गुडघ्यांचं कारण सांगून आई स्वयंपाकघरातच राहिली, गौरीसमोर येऊन बसली नाही. मला ते फार लागलं. मी तिला शब्द दिला की पुढच्या वर्षीची गौर आपल्या परड्यातून येईल, मुळांसकट येईल. असे अजून किती गणपती तिच्या वाट्याला आहेत, हे आमच्यापैकी कोणी बोलून दाखवत नव्हतं.

तेव्हा गाढवीण यायची होती. शब्द देताना मी तिला हिशेबात धरलं नव्हतं.

ज्येष्ठात मी बी पेरलं. परड्याच्या एका अंगाला माती हाताने चाळून वाफा केला होता. रोपं वर आली, दाट झाली होती ती काढून चाळीसेक राखली. ती वीतभर होतात न होतात तोच एका सकाळी निम्मा वाफा साफ. शेंडे खाल्लेले, मुळं मातीत तशीच, आणि गाढवीण शेजारी अशी उभी की जशी काय पंचनाम्याला बोलावलेली साक्षीदार.

पहिलं कुंपण मी बांबूचं केलं. तिने त्याला पाठ लावली आणि खाजवायला सुरुवात केली. दुपारपर्यंत कुंपण आडवं. दुसऱ्यांदा बांबू खोल गाडले आणि आत जायला छोटं फाटक करून त्याला कडी लावली. ती कडी तिने ओठांनी उचलली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होतो. माझ्या हाताखालच्या काही फिटरना ती कडी उघडायला जास्त वेळ लागला असता. मग बांधकामाला लावतात ती हिरवी जाळी आणून गुंडाळली. जाळी तिने चावून चोथा करून टाकली. जुन्या साड्या लावून बघितल्या. शेताला साड्या बांधतात, जनावर बुजतं, असं ऐकलं होतं. संध्याकाळी बायकोची लग्नातली नसली तरी चांगली साडी गळ्यात घालून गाढवीण गल्लीतून मिरवून आली. बायको त्यावर चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

बायकोच्या माहेरी झाडांवर शेणाचं पाणी शिंपडतात, म्हणजे जनावर तोंड लावत नाही. तेही केलं. तबेल्यातून शेण आणलं, बादलीत कालवलं, पानापानावर शिंपडलं. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी खिडक्या लावून घेतल्या आणि संध्याकाळच्या सरीने सगळं धुऊन नेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शिंपडलं, पुन्हा सर आली. पावसाळ्यात हा उपाय चालत नाही, एवढं मला कळायला तीन बादल्या लागल्या.

बांधून ठेवा, असं सगळेच सांगत होते. मी बांधलं होतं हो. दोरी लागली की ती जे ओरडायला लागायची ते थांबायचीच नाही. पलीकडच्या टॉवरच्या सोसायटीचे सेक्रेटरी मोबाइलवर तिच्या ओरडण्याचं रेकॉर्डिंग घेऊन दारात आले आणि ते मला पूर्ण ऐकवलं. मी म्हटलं, साहेब, हे मी लाइव्ह ऐकलंय. आई तर दोरी बघितली की जेवणावरून उठायची. पायाला लागलेल्या जनावराला बांधत नाहीत, एवढंच तिचं म्हणणं. पाय बरा होऊन सहा महिने झाले होते, पण ते तिला सांगणार कोण?

कुठेतरी देऊन टाकायचंही मनात आलं. जनावरं सांभाळणाऱ्या एका संस्थेला फोन केला, ते यायलाही तयार झाले. आईने ते ऐकलं आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. मी संस्थेला पुन्हा फोन करून नको म्हटलं. गाढवाबद्दल आपल्या भाषेत जेवढं काही बोलून ठेवलंय ते सगळं गावाने त्या दिवसांत मला ऐकवलं. हसून सोडून देण्याइतका चांगला माझा स्वभाव नाही.

श्रावणात वाफ्यात अकरा रोपं उरली होती. पण ती अकरा काय सुंदर आली होती! गुडघ्याच्या वर, जाड लालसर देठ, गुलाबी फुलं. गौरीला पाचच पुरतात. मी हट्टाला पेटलो. लोखंडी पाइप आणले, वेल्डिंगची जाळी आणली, नट-बोल्ट लावून चौकोनी पिंजरा उभा केला. फाटकाला अशी खिट्टी लावली की ती दाबून, फिरवून मगच उघडते. आठ दिवस पिंजऱ्याने दम धरला. गाढवीण रोज बाहेर उभी राहून जाळीला नाक लावायची. जास्वंदी, तगर यांच्यावर मात्र राग काढायची. मला कळेना की हिला फुलांचंच एवढं काय पडलंय? पेंढा समोर पडलेला असतो, भाजीवाल्याकडची पानं असतात, ते सोडून ही फुलांमागे लागते.

शेवटी मी तिच्या जुन्या मालकाला फोन लावला. म्हटलं, बाबा रे, तू हिला फुलांपासून कसा लांब ठेवत होतास ते तरी सांग.

“शेठ, आमच्याकडं होती तवा फुलाला कधी तोंड लावलं न्हाई तिनं,” तो म्हणाला. “कुनीतरी सवय लावली आसंल.”

फोन ठेवल्यावरही माझ्या डोक्यात लगेच उजेड पडला नाही. टॉवरमधली पोरं भिंतीवरून काहीतरी टाकत असतील, असंच मला वाटलं. त्यांना रंगेहाथ पकडायचं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी मागच्या खोलीच्या खिडकीशी दबा धरून बसलो. पोरं आली नाहीत. मागचं दार उघडलं आणि आई बाहेर आली. भिंतीला धरून, एक पाय पुढे, थांब, मग दुसरा पाय. हातात पूजेची ताटली. गाढवीण दाराशी आधीच येऊन उभी होती. आईने ताटलीतली कालची फुलं एकेक करून तिच्या तोंडात दिली. जास्वंद, तगर, दूर्वा. आणि शेवटी तेरड्याची गुलाबी फुलं, जी मीच आदल्या दिवशी जाळीच्या आतून खुडून देवासाठी आणून दिली होती.

मी बाहेर आलो आणि तिला विचारलं, हे कधीपासून चाललंय? आईला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. पूर्वी ती निर्माल्य खाडीवर नेऊन सोडायची. मग रस्ते आले, खाडीकडची वाट बंद झाली, गुडघे गेले. सुनेने एकदा निर्माल्य ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं तिने बघितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ताटली तिने स्वतःकडे घेतली.

“देवाचा फुल हाय, बाला. कचऱ्यान कसा टाकू?” ती म्हणाली. “मुक्या जनावराच्या पोटान जातंय, त्यान काय वाईट हाय?”

मला शांतपणे बोलता आलं असतं. काही वाईट नाही, फक्त गौर होईपर्यंत थांब, एवढंच म्हणायचं होतं. पण तीन महिन्यांचे बांबू, जाळी, शेणाच्या बादल्या, सेक्रेटरीचं रेकॉर्डिंग, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी आवाज चढवला. मी इथे गाढवमेहनत करतोय आणि तू रोज सकाळी तिला चटक लावतेस, असं बरंच काही बोललो. आणि सगळ्यात शेवटी जे बोललो ते मला अजून ऐकू येतं.

“ही अकरा पन खानार ती, यंदा पन गौर बाजारातनंच येनार. तुझ्या हातानंच घालवलीस तू तिला.”

आईने ताटली पुसली आणि आत गेली. मी माघार घेतली नाही, कारण चूक तिचीच होती आणि मला ते सिद्ध करता येत होतं. पिंजऱ्याचे बोल्ट मी संध्याकाळी पुन्हा एकदा आवळून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता गाढवीण दाराशी येऊन उभी राहिली. दार उघडलं नाही. आई आत भिंतीकडे तोंड करून पडून होती. साडेसात झाले, आठ झाले. गाढवीण ओरडायला लागली. मी मनात म्हटलं, ओरड, दोन दिवसांत सवय सुटेल. मी आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा पिंजरा एका बाजूला कलंडला होता. एकही बोल्ट सुटला नव्हता, वेल्डिंग जागच्या जागी होतं. पावसाने माती भिजून मऊ झाली होती, आणि तिने सगळं अंग टाकून रेटल्यावर पाइप मातीतूनच उपटून आले होते. अकराच्या अकरा रोपं गेली. बोटभर उंचीचे खुंट राहिले. गौर यायला चार दिवस होते.

मी तिला मारायला फावडं उचललं होतं, हे कबूल करतो. उचलून तसाच उभा राहिलो. ती अजूनही मागच्या दाराकडेच बघत होती. तेव्हा मला कळलं की इतके महिने ती सगळा वाफा फस्त न करता थांबत होती, ती त्या ताटलीमुळे. ताटली मी बंद केली. वाफाही मीच घालवला. मी फावडं भिंतीला टेकवलं आणि पायरीवर बसलो. रडायला येत होतं आणि रागही येत होता, नक्की कोणाचा ते सांगता येत नव्हतं.

आईने खिडकीतून सगळं बघितलं होतं. माफी मागायला मला जमत नाही, कारखान्यातही कधी जमलं नव्हतं. मी देव्हाऱ्यातलं निर्माल्य ताटलीत काढलं आणि ताटली तिच्या उशाशी ठेवून बाहेर निघून आलो. थोड्या वेळाने मागचं दार वाजलं.

गौरीच्या दिवशी सकाळी मी पुन्हा स्टेशनबाहेरच्या बाजारात गेलो. सगळ्या टोपल्या फिरलो. तेरडा होता, टवटवीत होता, पण सगळ्या जुड्या कापलेल्या. एकीला विचारलं, मुळांसकट नाही का? ती म्हणाली, माती कोण वाहून आणणार? मी जुडी घेतली आणि घरी आलो. वाटेत काय बोलायचं ते ठरवत होतो, पण काहीच ठरलं नाही.

आईने जुडी उलटी करून बघितली नाही. तिने खुरपं मागितलं. मी आणि बायकोने तिला धरून परड्यात नेलं, वाफ्याशी पाट टाकून बसवलं. तिने एकेका खुंटाभोवतीची माती मोकळी केली आणि मुळं वर काढली. पांढरी, लांब, ओल्या मातीने भरलेली. पाच खुंट तिने बाजूला ठेवले, पाण्यात खळबळून घेतले. मग बाजारच्या जुडीतले पाच देठ निवडले, हळदीत भिजवलेला दोरा घेतला आणि एक देठ एका खुंटाशी जुळवायला लागली. दोरा तिच्या बोटांतून निसटत होता. दोन-तीनदा निसटल्यावर तिने सगळं माझ्या हातात दिलं.

सांधा जोडायचं काम मला येतं. मी खुंट आणि देठ दोन्ही तिरके कापले, एकावर एक बसवले, वरून दोरा घट्ट गुंडाळला. पहिलीच गाठ मी अशी मारली की बाहेरून दिसू नये. वरून एक पान वळवून तीही झाकायला लागलो. आईने माझ्या हातावर हात ठेवला.

“दिसू दे गाठ,” ती म्हणाली. “आपल्या घरान काय झालाय ता तिला म्हाईत हाय.”

पाचही गाठी मी उघड्या ठेवल्या. दुपारी खारघरहून बहीण आली. तिने गौर हातात घेतली, मुळं बघितली, गाठी बघितल्या आणि माझ्याकडे बघितलं. गौर दारातून आत आली, सगळ्या खोल्या हिंडली, मागच्या दारातून तिला परडंही दाखवलं. गाढवीण तिथे उभी होतीच. बहिणीने गौर जरा वर धरली, खबरदारी म्हणून. मग गौर बसली, आणि आई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. बायकोने तिचं जेवणही तिथेच आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी विसर्जनाला निघताना आईने मला थांबवलं आणि गाठी सोडायला सांगितल्या. मला वाटलं, दोरा पाण्यात जाऊ नये म्हणून असेल. तसं नव्हतं. फुलांचे देठ तिने बहिणीच्या हातात दिले आणि मुळं माझ्या हातात.

“ही हितलीच हान,” ती म्हणाली. “ती हितंच ऱ्हाऊ दे.”

तेरडा एका पावसाचा असतो. उपटलेल्या मुळांना पुन्हा काही फुटत नाही, हे मला माहीत आहे, आणि माझ्या कितीतरी आधीपासून आईला माहीत आहे. तरी मी वाफ्यात पाच खड्डे केले, मुळं नीट उभी ठेवली, माती दाबली, तांब्याभर पाणी घातलं. वाकडे झालेले पाइप आणि जाळी तिथेच पडली होती. ती मी उचलून भिंतीला लावून ठेवली. वाफ्याला या वेळी कुंपण घातलं नाही.

गाढवीण आली. तिने पाचही जागा एकेक करून हुंगल्या, मान हलवली आणि पेंढ्याकडे निघून गेली.

“बघ,” आई दारातून म्हणाली. “शानी झाली माझी बाय.”

तिथे खाण्यासारखं काही नव्हतं म्हणून ती गेली, हे सांगायला माझं तोंड उघडलं होतं. मी ते बंद केलं आणि आईला धरून आत नेलं.